कॅपस्टोन म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजच्या परिपत्रकात, परदेशातल्या नातवंडांच्या शाळेच्या पत्रात, ऑनलाइन कोर्सच्या शेवटच्या टप्प्यावर आणि हल्ली कंपाउंडच्या कोटेशनमध्येसुद्धा हा शब्द दिसतो. त्यामुळे प्रश्नही चारी बाजूंनी येतात. आधी सोपे घेतले आहेत, अडचणीचे पुढे आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कॅपस्टोन म्हणजे काय, हे थोडक्यात सांगाल का?

बांधकामात सगळ्यांत वर आणि सगळ्यांत शेवटी बसवला जाणारा दगड. भिंतीच्या माथ्यावरची फरशी, खांबाच्या डोक्यावरची चौकोनी शिळा, पिरॅमिडचं टोक हे सगळे कॅपस्टोनच. त्यावरून लाक्षणिक अर्थ आला: बऱ्याच काळाच्या कामावर, शिक्षणावर किंवा कारकिर्दीवर शेवटी चढणारी आणि ते पूर्ण करणारी गोष्ट.

'वर' आणि 'शेवटी' या दोन अटी शब्दकोशात मिळतात. तिसरी अट कोणी लिहीत नाही, पण ती पक्की आहे. खाली काहीतरी रचलेलं असावं लागतं. पहिल्याच महिन्यात दिलेल्या असाइनमेंटला कॅपस्टोन म्हणणारे क्लासवाले आहेत. त्यांनी शब्द फक्त वजनदार वाटला म्हणून उचललेला असतो.

२. उच्चार कसा करायचा? मराठीत तो कॅपस्टोन की ते कॅपस्टोन?

कॅप-स्टोन. जोर पहिल्या भागावर. इंग्रजीत तो एकच शब्द आहे, म्हणून मराठीतही सलग लिहावा. दगड म्हणा किंवा प्रकल्प म्हणा, दोन्ही पुल्लिंगी, त्यामुळे 'माझा कॅपस्टोन', 'कॅपस्टोनचा विषय', 'दोन कॅपस्टोन' असंच बोललं जातं आणि ते बरोबर आहे. उच्चारात 'कॅपस्टन' होऊ देऊ नका, ती वेगळीच वस्तू आहे (प्रश्न १८).

३. कंपाउंड वॉलच्या कोटेशनमध्ये ठेकेदाराने 'कॅपस्टोन'चे वेगळे पैसे लावलेत. हे शोभेचं काम आहे का? टाळलं तर चालेल?

टाळू नका. आपल्याकडे गवंडी याला बहुतेक वेळा 'कोपिंग' म्हणतात. नाव कोणतंही असो, भिंतीच्या माथ्यावरची ही पट्टी पावसासाठी असते.

भिंतीच्या उभ्या अंगावर पडलेलं पाणी घसरून जातं. माथा आडवा असतो, तिथे पाणी थांबतं आणि विटांच्या सांध्यांतून आत उतरतं. मग प्लास्टर फुगतं, रंगाचे पापुद्रे सुटतात, शेवाळ धरतं. कोकणात जांभ्याचे चिरे वापरतात तिथे हे जास्त लवकर दिसतं, कारण जांभा सच्छिद्र असतो. चार पावसाळे माथा उघडा राहिलेला गडगा आणि माथ्यावर उताराचा गिलावा दिलेला गडगा यांतला फरक रस्त्यावरून चालतानाही कळतो.

कोटेशनमध्ये तीन गोष्टी पाहा. फरशी भिंतीच्या जाडीपेक्षा रुंद हवी, दोन्ही बाजूंना दीड-दोन इंच बाहेर येणारी. तिला थोडा उतार हवा. आणि बाहेर आलेल्या भागाच्या खालच्या अंगाला एक बारीक सलग खाच हवी. ही खाच हमखास विसरली जाते. ती नसेल तर पाणी फरशीच्या कडेवरून खाली वळतं, पोटाला चिकटून पुन्हा भिंतीकडे येतं आणि सगळा खर्च वाया जातो. खाच असली की थेंब तिथेच सुटून खाली पडतो.

दगड कोणता घ्यायचा? कडप्पा, शहाबादी, ग्रॅनाइट, तिन्ही चालतात. सिमेंटमध्ये ओतलेलं तयार कोपिंगही चालतं. गच्चीच्या कठड्यावर उतार आतल्या बाजूला ठेवा, नाहीतर माथ्यावरची धूळ पहिल्या पावसात इमारतीच्या दर्शनी भिंतीवर ओघळते.

४. कीस्टोन आणि कॅपस्टोन एकच ना?

नाही, आणि सगळ्यांत जास्त गोंधळ याच जोडीचा होतो.

कीस्टोन म्हणजे कमानीच्या बरोबर मध्यावरचा पाचरीच्या आकाराचा दगड. दोन्ही बाजूंचे दगड त्याच्यावर रेलतात आणि तो त्यांना अडवून धरतो. तो बसेपर्यंत कमान खालच्या लाकडी आधारावर उभी असते, तो बसला की आधार काढता येतो. कॅपस्टोन झाकतो आणि पूर्ण करतो. तो काढला तर भिंत पडत नाही, पण पाणी मुरायला लागतं.

लाक्षणिक वापरात हाच फरक पाळायचा. ज्याच्यावाचून सगळं कोसळेल तो कीस्टोन. पर्यावरणशास्त्रात 'कीस्टोन प्रजाती' म्हणतात ती याच अर्थाने, कारण ती प्रजाती नाहीशी झाली तर सगळी साखळी ढासळते. तिथे 'कॅपस्टोन प्रजाती' लिहिलंत तर चूकच.

५. मग कॉर्नरस्टोन आणि माइलस्टोन?

कॉर्नरस्टोनला आपल्याकडे नेमका शब्द आहे, कोनशिला. ती कामाच्या सुरुवातीला बसते, कॅपस्टोन शेवटी. गंमत म्हणजे कोनशिला बसवायला पूर्ण आराखडासुद्धा लागत नाही. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाची पायाभरणी ३१ मार्च १९११ रोजी झाली, जॉर्ज विटेट यांचा अंतिम आराखडा मंजूर झाला १९१४ मध्ये, आणि वास्तू खुली झाली ४ डिसेंबर १९२४ रोजी. माथ्याच्या दगडाला अशी घाई करता येत नाही, कारण त्याला बसायला जागाच नसते.

माइलस्टोन म्हणजे मैलाचा दगड. तो वाटेत असतो आणि एकाच वाटेवर कितीही असू शकतात.

६. एखाद्याच्या कारकिर्दीतली शेवटची गोष्ट म्हणजेच कॅपस्टोन का?

तसं नाही. सचिन तेंडुलकरचं उदाहरण घ्या. १६ मार्च २०१२ रोजी मीरपूरला झालेलं शंभरावं आंतरराष्ट्रीय शतक हा मैलाचा दगड, भलामोठा असला तरी. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर खेळलेली दोनशेवी कसोटी हा निरोप. कॅपस्टोन कोणता असं विचारलं तर बहुतेक जण २ एप्रिल २०११ कडे बोट दाखवतील. त्या रात्री वानखेडेवरच भारताने विश्वचषक जिंकला आणि एकवीस वर्षांच्या कारकिर्दीत राहून गेलेली एकमेव मोठी गोष्ट भरून निघाली. त्यानंतरही तो अडीच वर्षं खेळला.

म्हणजे माणसांच्या बाबतीत 'शेवटी' ही अट थोडी सैल होते. नंतर काही घडलं तरी चालतं, फक्त त्या उंचीच्या वर काही जायला नको. त्यामुळे चाळिशीतल्या गायिकेच्या पुरस्काराला कॅपस्टोन म्हणणं धाडसाचं आहे. तिथे 'मानाचा तुरा' बरा. तुरे कितीही खोवता येतात.

७. मराठीत सरळ 'कळस' लिहिलं तर?

बहुतेक ठिकाणी छान चालतं. 'कारकिर्दीचा कळस' हे 'कारकिर्दीचा कॅपस्टोन'पेक्षा शंभरपट बरं वाटतं. पाया आणि कळस ही जोडी तर वारकरी परंपरेने आपल्या कानात कायमची बसवून ठेवली आहे.

सावध राहायचं ते एका ठिकाणी. मराठीत कळस वाईटाचाही होतो: निर्लज्जपणाचा कळस, हलगर्जीपणाचा कळस. इंग्रजी कॅपस्टोन असा सहसा वापरला जात नाही, तो कौतुकाचा शब्द आहे. म्हणून मराठीतून इंग्रजीत जाताना 'भ्रष्टाचाराचा कळस' इथे कॅपस्टोन घालू नका. शिवाय 'कळसाला पोहोचणं' म्हणजे टोकाला जाणं, त्यात काम पूर्ण होण्याचा अर्थ असेलच असं नाही.

८. देवळाचा कळस हा वास्तुशास्त्राच्या दृष्टीने कॅपस्टोन आहे का?

काटेकोर बोलायचं तर देवळाच्या माथ्यावर एकाहून जास्त गोष्टी असतात. उत्तरेकडच्या नागर पद्धतीच्या शिखरावर आधी आमलक येतो, म्हणजे आवळ्यासारखी पाकळ्यापाकळ्यांची मोठी दगडी चकती. त्याच्यावर कळस. शिखराच्या उतरत्या बाजू जिथे एकत्र येतात ते तोंड आमलक झाकतो, त्यामुळे बांधकामाच्या अर्थाने कॅपस्टोनच्या जास्त जवळचा तोच. कळस हा त्याच्या वरचा शेवटचा, पूजेचा आणि मानाचा भाग. गावात कलशारोहणाचा सोहळा होतो तो कळसाचा. आमलकाची आठवण कोणी काढत नाही, बिचाऱ्याची.

पण खरा कॅपस्टोन बघायचा असेल तर देवळाच्या आत जा आणि मंडपात वर बघा. यादवकाळातल्या, आपण हेमाडपंती म्हणतो त्या देवळांत छताचा घुमट बहुधा कमानीच्या तत्त्वाने बांधलेला नसतो. दगडांचा एक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवायचा, त्यावर पुढचा आणखी आत, असं करत भोक लहान होत जातं आणि शेवटी एकाच शिळेने बंद होतं. त्या शिळेच्या खालच्या अंगावर अनेकदा कमळ कोरलेलं असतं. मान दुखेपर्यंत वर बघत राहावं अशी ती जागा.

माथा गेल्यावर काय होतं हे अंबरनाथला दिसतं. शिलाहारांच्या काळातल्या, इसवी सन १०६०चा शिलालेख असलेल्या त्या शिवमंदिराच्या शिखराचा वरचा भाग आज नाही. सिन्नरच्या गोंदेश्वराचं शिखर पाहून मग तिथे गेलात तर काय हरवलंय ते लगेच लक्षात येतं.

९. तंजावरच्या मंदिरावर ८० टनांचा एकच दगड चढवलाय, हे खरं का?

राजराज चोळाने बांधलेल्या आणि १०१० मध्ये पूर्ण झालेल्या बृहदीश्वर मंदिराबद्दल हे पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. सोबत काही मैल लांबीच्या मातीच्या उतारावरून हत्तींनी तो दगड ओढत नेल्याची गोष्टही येते. मंदिराचं विमान साठ मीटरांहून उंच आहे हे खरं. मात्र माथ्याचा घुमटाकार भाग एकाच दगडाचा आहे हे सगळे अभ्यासक मानत नाहीत. तो अनेक दगड जोडून केला आहे, असं मत मांडलं गेलं आहे. मला दुसरं जास्त पटतं, आणि त्याने चोळांचं काम तसूभरही लहान होत नाही. एवढ्या उंचीवर इतके जड दगड सांधा न दिसेल असे जुळवणं हेही काही सोपं नाही.

१०. पिरॅमिडला कॅपस्टोन असतो, मग गिझाच्या मोठ्या पिरॅमिडला का दिसत नाही?

कारण तो आता तिथे नाही. खुफूच्या पिरॅमिडची मूळ उंची सुमारे १४६ मीटर होती, आता सुमारे १३८ भरते. टोक आणि बाहेरचा गुळगुळीत चुनखडी दगड काळाच्या ओघात गेला. टोकाच्या दगडाला पिरॅमिडियन म्हणतात. त्याचा उत्तम नमुना दहशूरला सापडला, तिसऱ्या अमेनेमहातच्या पिरॅमिडचा. काळ्या दगडाचा, माणसाच्या छातीला लागेल एवढा, चारही अंगांवर कोरीव लेख असलेला.

एक डॉलरच्या नोटेमागचा पिरॅमिडही बिनटोकाचा आहे, पण तो मुद्दाम. १७८२ मध्ये स्वीकारलेल्या अमेरिकी राजमुद्रेतलं हे चित्र १९३५ पासून नोटेवर आहे. देशाची उभारणी अजून चालू आहे, असा त्याचा आशय सांगितला जातो. वर तरंगणाऱ्या डोळ्यावरून जे व्हॉट्सअॅपवर फिरतं त्याकडे दुर्लक्ष करा.

११. कॅपस्टोन बसला म्हणजे काम संपलं, असं धरायचं का?

उंची संपली असं धरा. अमेरिकेच्या राजधानीतल्या वॉशिंग्टन मॉन्युमेंटची हकिकत याचं चोख उत्तर आहे. पायाभरणी ४ जुलै १८४८ ला झाली. १८५४ मध्ये पैसे आटले आणि मग देशात यादवी पेटली. दीडशे फुटांवर अडलेला तो खांब पंचवीस वर्षं तसाच उभा होता. १८७९ नंतर पुन्हा चिरे चढू लागले ते वेगळ्या खाणीतले. म्हणूनच खांबाचा रंग खालच्या भागात एक आणि वर दुसरा दिसतो.

६ डिसेंबर १८८४ रोजी सुमारे दीड टनाचा संगमरवरी कॅपस्टोन बसला आणि त्याच्यावर अॅल्युमिनियमचं छोटं टोक. वजन १०० औंस, म्हणजे तीन किलोंहूनही कमी. अॅल्युमिनियम का, असं आज वाटेल. तेव्हा ते चांदीच्या तोडीचं महाग होतं. बसवण्याआधी ते न्यूयॉर्कमध्ये टिफनी या जवाहिऱ्यांच्या दुकानात मांडलं होतं, आणि 'आम्ही मॉन्युमेंटच्या टोकावरून उडी मारली' असं सांगता यावं म्हणून लोक त्याच्यावरून उड्या मारून जात. पुढे दोनच वर्षांत, १८८६ मध्ये, अॅल्युमिनियम स्वस्तात वेगळं करण्याची विजेची पद्धत सापडली आणि तो दिमाख ओसरला.

टोकाचा एक उपयोग विजेपासून बचाव हाही होता. तरी जून १८८५ मध्ये वीज पडून माथ्याजवळचा एक दगड तडकलाच, मग आणखी सळया लावाव्या लागल्या. लोकार्पण झालं फेब्रुवारी १८८५ मध्ये आणि लोकांना वर जायला मिळालं १८८८ मध्ये. आतलं काम कॅपस्टोननंतरही चालूच होतं.

१२. कॅपस्टोन काढला तरी खालचं बांधकाम पडत नाही असं वर म्हणालात (प्रश्न ४). याला अपवाद?

आहे. महापाषाणयुगीन थडग्यांमध्ये, ज्यांना डॉल्मेन म्हणतात, तीन-चार उभ्या शिळांवर एक प्रचंड आडवी शिळा ठेवलेली असते. तिलाही कॅपस्टोनच म्हणतात. इथे ती छप्पर आहे, आणि तिच्या वजनानेच खालच्या शिळा जागेवर राहतात. आपल्या जवळ पाहायचं तर उत्तर कर्नाटकातल्या हिरेबेनकलच्या टेकडीवर जा, तिथे अशी शेकडो थडगी आहेत. पुरातत्त्वाच्या लेखात हा शब्द आला तर कंपाउंडची फरशी डोळ्यांसमोर आणू नका.

१३. कॉलेजचा 'कॅपस्टोन प्रोजेक्ट' आणि आमच्या वेळचा बीईचा प्रोजेक्ट यांत फरक काय?

मुळात फारसा नाही. शेवटच्या वर्षी, आधीच्या सगळ्या विषयांत शिकलेलं एकत्र वापरून एक खरं काम करायचं. अमेरिकेत अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एबेट या संस्थेच्या निकषांतच असं समारोपाचं मोठं डिझाइनचं काम अनिवार्य आहे. तिथला शब्द आपल्याकडे खासगी विद्यापीठांच्या आणि ऑनलाइन कोर्सच्या वाटेने आला.

थीसिसपासून मात्र तो वेगळा आहे. थीसिसमध्ये काहीतरी नवं शोधून सिद्ध करायचं असतं. कॅपस्टोनमध्ये शिकलेलं वापरता येतं हे दाखवायचं असतं, बहुधा गटाने आणि बऱ्याचदा एखाद्या कंपनीच्या किंवा संस्थेच्या खऱ्या अडचणीवर.

तयार प्रोजेक्ट विकत मिळतात का, असंही विचारलं जातं. मिळतात. पण तोंडी परीक्षेत तिसऱ्या प्रश्नाला पितळ उघडं पडतं.

१४. ऑनलाइन कोर्सचा कॅपस्टोन बायोडेटात कसा लिहू?

नुसतं 'कॅपस्टोन पूर्ण केला' लिहू नका, त्यातून काही कळत नाही. काय प्रश्न होता, माहिती कुठून घेतली, काय निघालं, हे दोन ओळींत लिहा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. गूगलच्या डेटा अॅनालिटिक्स कोर्सच्या कॅपस्टोनमध्ये सायक्लिस्टिक नावाच्या काल्पनिक सायकल कंपनीचा अभ्यास असतो, आयबीएमच्या डेटा सायन्सवाल्यात स्पेसएक्सच्या रॉकेटचा पहिला टप्पा नीट उतरेल का याचा अंदाज. हे हजारो जणांनी केलेलं आहे आणि मुलाखत घेणाऱ्याने ते डझनावारी पाहिलेलं असतं. सराव म्हणून ते करा, पण बायोडेटात स्वतःच्या विषयाचं काम ठेवा. अॅगमार्कनेटवर बाजार समित्यांचे रोजचे भाव खुले मिळतात. लासलगावच्या कांद्याचे काही वर्षांचे भाव घेऊन बसा, सायकलींपेक्षा कितीतरी जास्त बोलायला मिळेल.

१५. मुलगी न्यू जर्सीत हायस्कूलला आहे. शाळेने 'एपी कॅपस्टोन' सुचवलंय. हा नेहमीच्या एपी विषयांसारखाच एक विषय का?

एपी म्हणजे अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे विषय. एपी कॅपस्टोन हा दोन वर्षांचा कार्यक्रम आहे, एपी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने २०१४ मध्ये सुरू केलेला. आधी एपी सेमिनार, मग एपी रिसर्च. रिसर्चमध्ये विद्यार्थी स्वतः विषय निवडून चार ते पाच हजार शब्दांचा शोधनिबंध लिहितात, मांडणी करतात आणि तोंडी प्रश्नांना उत्तरं देतात. दोन्हींत आणि शिवाय इतर चार एपी परीक्षांत पाचपैकी ३ किंवा अधिक गुण मिळाले तर एपी कॅपस्टोन डिप्लोमा मिळतो. बाकीचे चार जमले नाहीत तर दोन विषयांचं स्वतंत्र प्रमाणपत्र आहे.

घ्यावा का? लिहायची आवड असेल तर जरूर. फक्त अर्ज उठून दिसावा म्हणून घेतला तर दुसरं वर्ष जड जातं, कारण तिथे रोजचा गृहपाठ नसतो आणि लांबणारं काम स्वतःच ओढायचं असतं.

१६. इंग्रजी बायबलात एका आवृत्तीत 'कॅपस्टोन' आणि दुसरीत 'कॉर्नरस्टोन' असं का?

निरीक्षण बरोबर आहे. स्तोत्र ११८ मध्ये बांधणाऱ्यांनी नाकारलेल्या दगडाचा उल्लेख आहे. एनआयव्ही या भाषांतराच्या १९८४च्या आवृत्तीत तिथे कॅपस्टोन होता, २०११च्या आवृत्तीत कॉर्नरस्टोन झाला. मूळ हिब्रू शब्दप्रयोगात 'डोकं' आणि 'कोपरा' दोन्ही आहेत, म्हणून दोन्ही वाचनं शक्य होतात. मराठी वाचकांच्या ओळखीचा शब्द कोनशिला हाच आहे. एरवी हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत (प्रश्न ५).

१७. नासाचा कॅपस्टोन उपग्रह कशाचा कळस होता?

कशाचाच नाही, उलट सुरुवात होती. ते आद्याक्षरांवरून ओढूनताणून जुळवलेलं नाव आहे. सुमारे २५ किलोंचा हा छोटा उपग्रह २८ जून २०२२ रोजी न्यूझीलंडमधून रॉकेट लॅबच्या इलेक्ट्रॉन रॉकेटने निघाला आणि १३ नोव्हेंबर २०२२ रोजी चंद्राभोवतीच्या एका लांबट कक्षेत पोहोचला. चंद्राजवळच्या, तेव्हा नियोजित असलेल्या अंतराळस्थानकासाठी ठरवलेली ती कक्षा आधी तपासून बघणं हे त्याचं काम. बातमीत हे नाव आलं तर भाषांतर न करता तसंच ठेवा.

१८. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये 'कॅपस्टोन लेथ' असतो ना?

तो कॅपस्टन लेथ. त्याच्यावर फिरणारा षट्कोनी टरेट असतो, त्यात एकाच वेळी अनेक हत्यारं लावून ठेवतात आणि एकसारखे छोटे भाग पटापट काढतात. कॅपस्टन हा जहाजावरचा उभा रहाट, नांगराचा दोर गुंडाळायचा. जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये रबरी चाकाला टेकून फीत ओढणारी बारीक पोलादी काडी असायची, तिचंही नाव तेच. दगडाशी या कशाचाच संबंध नाही. टर्नर ट्रेडच्या अर्जात 'कॅपस्टोन' लिहिलेलं आढळलं तर खोडून 'कॅपस्टन' करा.